शैला मगदूम यांचे नियोजित पडणे

गुरुवार, १७ मार्च २०४४ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शैला मगदूम जेवणघराच्या दुसऱ्या पायरीवरून पडल्या आणि त्यांच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

तसं काही झालं नाही. त्या दिवशी दहा वीसला शैलाबाई त्याच पायरीवर उभ्या राहून भाजलेल्या शेंगा खात होत्या आणि त्यांची सगळी हाडं जागच्या जागी होती. पण पडल्याची नोंद आहे. तारीख, वेळ, पायरीचा क्रमांक, सगळं आहे. तेव्हा ती नोंद आपण पाहिलीच नाही असं धरून बारा दिवस मागं जाऊ.

सांगली-तासगाव रस्त्यावरच्या 'कृतार्थ निवास' या वृद्धाश्रमात पाच मार्चला, शनिवारी, व्यवस्थापक अभिनंदन शेटे यांनी शैलाबाईंना ऑफिसात बोलावलं. शेटे चौतीस वर्षांचे, अतिशय सभ्य. कुणाच्या तरी निधनाची बातमी आणावी आणि सोबत पेढेही आणावेत, असा त्यांचा चेहरा कायम असे.

"मावशी, बसा."

"बसते की. काय झालंय?"

"अजून झालं नाही," शेटे म्हणाले. "सतराला होणार आहे."

आणि त्यांनी आठ पानी अहवाल पुढं सरकवला.

शैलाबाईंचं वय चौऱ्याहत्तर. सव्वीस वर्षं त्यांनी एसटीत वाहक म्हणून काढली होती. आंबा घाटाच्या वळणावर, भरलेल्या गाडीत, एका हातात तिकिटांचं यंत्र आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे घेऊन, दांड्याला न धरता त्या उभ्या राहत. ड्रायव्हर मुद्दाम कचकन ब्रेक दाबायचे. बाकीची गाडी पुढं कोसळायची, शैलाबाई मात्र "कुठलं पाहिजे?" विचारत तशाच उभ्या. अशा बाईला कागदावर लिहून देणं की तुम्ही दोन पायऱ्यांवरून पडणार आहात, म्हणजे पोहणाऱ्याला तू बादलीत बुडशील म्हणण्यासारखं होतं.

"कोण म्हणतं मी पडणार?"

"तुमच्या चपला," शेटे म्हणाले.

या चपलांचं नाव 'स्थिरपद'. त्यांचं काम समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते, की चालणं म्हणजे खरं तर पडणंच. माणूस एक पाय उचलतो तेव्हा तो पुढं पडायला लागतो आणि दुसरा पाय वेळेवर पोचून त्याला सावरतो. हा प्रकार जन्मभर इतक्यांदा जमतो की त्याला आपण चालणं म्हणतो. तरुण माणसाची पावलं घड्याळासारखी सारख्या वेळानं पडतात. वय झालं, तळव्यांची जाणीव बोथटली, कान, डोळे आणि पाय यांचा निरोप मेंदूला उशिरा पोचू लागला, की दोन पावलांमधला वेळ कमीजास्त होतो. सेकंदाचा एखाद-दुसरा शतांश इकडं-तिकडं. डोळ्यांना तो दिसत नाही, पण चपलेला कळतो. स्थिरपदच्या तळव्यात तिळाएवढे छप्पन्न दाबमापक होते आणि तोल मोजणारा एक बारीक कण. हजारो म्हाताऱ्यांची चाल आणि नंतरचं पडणं शिकून तयार झालेलं यंत्र रोज प्रत्येकाचा 'पतनांक' काढायचं. शून्य म्हणजे डोंगर चढा. शंभर म्हणजे आत्ताच आडवे व्हा.

यंत्र मुळात फक्त "दोन-तीन आठवड्यांत धोका" एवढंच सांगायचं. 'नेमके सांगा' असं एक बटण कोपऱ्यात होतं, ते शेटेंनी शोधून काढून दाबलं होतं.

"तुमचा पतनांक एक्काहत्तर आहे मावशी. सत्तरच्या वर गेलं की विश्रांती विभाग. सोमवारी चौदाला खाली शिफ्ट करू, म्हणजे सतराच्या आधी."

विश्रांती विभाग म्हणजे तळमजल्याची पूर्वेकडची बाजू. तिथं कठड्याचे पलंग होते, जेवण पलंगावर, फिरणं चाकाच्या खुर्चीत. आतापर्यंत एकतीस जण वरून खाली गेले होते. खालून वर कुणीही आलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत तिथं एकही माणूस पडला नव्हता, आणि त्याबद्दल संस्थेला ढाल मिळाली होती. माणूस उभंच राहिलं नाही तर पडणार कुठून, हे ढाल देणाऱ्यांनी विचारलं नव्हतं.

"आणि अलकाताई?" शैलाबाईंनी विचारलं.

"उपाध्ये मावशींचा एकोणीस. उत्तम. म्हणून तर त्यांचा फोटो लावलाय."

फलकावर 'या महिन्याचं पाऊल' या मथळ्याखाली अलकाताईंचा फोटो होता. फोटोत त्यांनी भिंत धरली होती.

अलका उपाध्ये म्हणजे शैलाबाईंच्या खोलीतल्या जोडीदारीण, वय सत्त्याहत्तर. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या हळू बोलत आणि दशांश चिन्हासकट बोलत. नऊ नंबरच्या खोलीत दोघी चार वर्षं एकत्र होत्या. शैलाबाईंनी बोलायचं आणि अलकाताईंनी दुरुस्त्या करायच्या, असं ठरून गेलं होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. मृणाल पुण्यात असे. सूचना सगळ्यात आधी तिच्या फोनवर जात.

"आई, उभी आहेस का?"

"फोन घ्यायला उठले."

"आधी बस."

शैलाबाई बसल्या. पूर्वी ही पोर फोनवर "काय खाल्लंस" विचारायची. अलीकडं "बसली आहेस ना" विचारायची.

"मी मान्य दाबलंय," मृणाल म्हणाली.

"काय मान्य?"

"तुझं खाली जाणं. दोन दिवसांत उत्तर दिलं नाही तर तेच मान्य धरतात, मग मी दाबूनच टाकलं. तू पडलीस तर मी इथून येईपर्यंत काय होईल, सांग ना. रात्रंदिवस तोच आकडा बघत असते मी. ऑफिसात मीटिंगमध्ये बघते."

"आणि मला विचारायचं?"

 मृणाल म्हणाली, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरंच होतं. शैलाबाईंनी फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस त्या पावलांकडं बघून चालल्या. चालण्याची एक खोड असते. त्याच्याकडं लक्ष दिलं की ते बिघडतं. हा पाय, आता तो पाय, असं करत रविवारी त्या सपाट फरशीवर दोनदा अडखळल्या. यंत्र म्हणतं ते खरं होणार, असं त्यांना वाटायला लागलं. खाली गेल्यावर दिवसभर छताकडं बघताना वेळ कसा काढायचा, म्हणून त्यांनी जुन्या गाड्यांचे थांबे क्रमानं आठवायची तयारीही सुरू केली.

सोमवारी सकाळी, दुसरं काही वाचायला नाही म्हणून, त्यांनी तो आठ पानी अहवाल वाचला. सहाव्या पानावर 'दिनचर्या' होती. "रोज दुपारी ४.१० वाजता वाचनकक्ष. तेथे सरासरी पंचावन्न मिनिटे."

शैलाबाईंनी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. वाचनकक्षात त्या चार वर्षांत एकदाच गेल्या होत्या, गांधीलमाशी हाकलायला. दुपारी चारला त्या हमरस्त्याच्या फाटकाशी जाऊन तासगावची गाडी किती उशिरा येते ते बघत. वाचनकक्षात रोज चार दहाला जायच्या त्या अलकाताई.

मग सगळं लक्षात आलं. 'स्थिरपद' एका थंड देशात तयार झाली होती. तिथं माणूस सकाळी पायात घालतो आणि रात्री काढतो. त्रेचाळीस माणसं दिवसातून तीनदा जेवणघराच्या दारात, एकदा प्रार्थनाकक्षाच्या दारात, एकसारख्या राखाडी चपला काढून ठेवतील आणि परत येऊन हाताला लागेल तो जोड घालतील, हे त्या देशातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चपलेला पाऊल कळायचं, पण ते कुणाचं हे कळायचं नाही. आत चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या आठ दिवसांत झिजल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चपलांचा ढीग झाला होता. दोघींचंही माप सहा. त्या दिवसापासून शैलाबाई अलकाताईंच्या चपला आपल्याच समजून घालत होत्या आणि अलकाताई शैलाबाईंच्या. अहवालातली चाल शैलाबाईंची नव्हतीच.

त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या तडक उठल्या आणि पायांकडं न बघता निघाल्या. पाय आपोआप नीट पडू लागले. कागद नाचवत ऑफिसात जायचं, शेटेंना खुर्चीत बसवायचं आणि "तुम्ही बसा" म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

कॉरिडॉरमध्ये अलकाताई समोरून येत होत्या. उजवा पाय थोडा मागं राहत होता. एक हात भिंतीवर होता. चार पावलं झाली की त्या नोटीस वाचल्यासारखं करून थांबत. तिथं भिंतीवर नोटीस नव्हती.

शैलाबाई ऑफिसच्या दारात पोचल्या तेव्हा शेटे म्हणाले, "बोला मावशी."

"काही नाही," शैलाबाई म्हणाल्या. "तुमचा पंखा बरा चालतोय ना, ते बघायला आले."

पंखा बरा चालत होता.

दुपारी खोलीत त्यांनी अलकाताईंना सगळं सांगितलं. अलकाताईंनी सहावं पान वाचलं, मग पहिलं वाचलं, मग चष्मा काढून मिटला.

"नमुन्यांच्या बाटल्या बदलल्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं एकदा झालं होतं. चांगल्या शेतकऱ्याचा ऊस परत पाठवला होता आम्ही. मग तू गेलीस का सांगायला?"

"पंखा बघून आले."

"म्हणजे नाही सांगितलंस."

"सांगितलं की येत्या सोमवारी तुम्ही खाली."

"त्यात काय. खाली मला वाचायला वेळ मिळेल."

"पुस्तक कोण आणून देणार? खाली कपाटात काय आहे माहितेय? एक पंचांग. तेही गेल्या वर्षीचं."

अलकाताई हसल्या नाहीत. "शैला, हे बघ. चाल माझी आहे. यंत्र चुकलेलं नाही, फक्त पत्ता चुकला. मी पडणारी आहे ते मला ठाऊक आहे. उठले की डोळ्यांपुढं अंधार येतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. रक्तदाबाची गोळी दुप्पट केली ना, त्या आठवड्यापासून."

"आणि हे कुणाला बोललात?"

"बोललं की खाली जातात," अलकाताई म्हणाल्या. "वाघमोडेबाई बोलल्या होत्या."

 त्रेचाळीस माणसांच्या पायात मोजमापाची चप्पल होती आणि म्हणून त्रेचाळीस माणसं दुखणं लपवत होती. भरलेल्या गाडीत तिकिटांचा असा घोळ झाला की कंडक्टरनं सगळी गाडी पुन्हा पहिल्यापासून तपासायची असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"तुमच्याकडं बाटल्या बदलल्या तेव्हा काय केलंत?"

"सगळे नमुने रद्द केले. परत पहिल्यापासून, हातानं."

"मग तसंच करू," शैलाबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी न्याहारी संपल्यावर त्या जेवणघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"चला, पुढं सरका. दारात गर्दी करू नका. आपल्या मापाचा जोड घ्यायचा, पण आपला घ्यायचा नाही."

"मला माझाच पाहिजे," आबा सूर्यवंशी म्हणाले. आबा अठ्ठ्याऐंशीचे, चौपायी वॉकर घेऊन चालत.

"आबा, तुमचा पतनांक किती?"

"अडुसष्ट."

"मग आणखी तीन झाले की खाली. बघा बाई. पुढची गाडी नाही."

आबांनी दुसऱ्याचा जोड घेतला.

अलकाताईंनी मापांचा तक्ता केला होता, कुणाच्या पायात सैल किंवा घट्ट चप्पल जाऊ नये म्हणून. शैलाबाईंची सक्त ताकीद होती: हळू चालायचं, ज्याला तोल नाही त्याला दुसऱ्यानं धरायचं, कुणीही पडायचं नाही. पडलात तर यंत्र जिंकलं. त्यामुळं त्या दोन दिवसांत 'कृतार्थ'मधली माणसं जन्मात नव्हती इतकी एकमेकांचे हात धरून चालली. जेवणाला, प्रार्थनेला आणि चहाला जोड बदलत राहिले.

पहिल्या दिवशी आबांच्या नावानं अहवाल आला, "धावण्यास हरकत नाही." आबांनी तो सुनेला पाठवायचा आग्रह धरला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले आणि यंत्र विचारात पडलं.

यंत्र मूर्ख नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. एका माणसाची चाल एका दिवसात बदलू शकते. त्रेचाळीस माणसांची चाल एकदम, तीही जेवणाच्या वेळा धरून बदलत नाही. मग या सगळ्यांत समान असं काय आहे? यंत्रानं शोधलं, आणि त्याला सापडली ती जमीन. गुरुवारी सकाळी शेटेंच्या टेबलावर नवा अहवाल आला.

"निवासीचे नाव: मुख्य इमारत. वय: एकोणीस. पतनांक: त्र्याऐंशी. शिफारस: तातडीने विश्रांती विभागात हलवावे."

शेटेंनी तो तीनदा वाचला. इमारतीचा तळमजला आधीच तळमजल्यावर होता, पण वरच्या दोन मजल्यांचं काय करायचं ते नियमावलीत नव्हतं. त्यांनी संस्थेच्या मुख्य कार्यालयाला फोन केला. तिकडून "प्रक्रियेप्रमाणे करा" असं उत्तर आलं. तेव्हा शेटेंनी प्रक्रियेप्रमाणे इमारतीच्या दर्शनी भिंतीला धरायचा एक दांडा बसवून घेतला आणि इंजिनीअरला बोलावलं.

इंजिनीअरनं पाणसळ लावून फरशीची पातळी पाहिली, भिंतींवर टकटक केलं, आणि इमारत तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे असं लिहून दिलं. पण एकदा शंका नोंदली गेली की तिचा निकाल लागेपर्यंत पतनांक ग्राह्य धरायचा नाही, असं कलम होतं. आणि त्याखालचं कलम असं, की तोवर निवासींची तपासणी "पूर्वीप्रमाणे, माणसाकडून" करावी.

पूर्वीचं माणूस म्हणजे डॉ. नाझनीन मुल्ला. मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट. चपला आल्यावर त्यांचं येणं बंद झालं होतं. शुक्रवारी त्या आल्या, दारातला चपलांचा ढीग बघितला आणि म्हणाल्या, "सगळे अनवाणी या."

रांगेत पहिल्या अलकाताई होत्या, कारण शैलाबाईंनी त्यांना दंडाला धरून तिथं आणलं होतं.

"मी सांगू?" शैलाबाईंनी विचारलं.

"चालतं कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अलकाताई."

"मग त्या सांगतील."

आणि अलकाताईंनी सांगितलं. अंधार, दिवाळी, गोळी, आणि शेवटी, जरा थांबून, चपलांचंही. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून रक्तदाब घेतला, एकशे बेचाळीस. उभं करून तीन मिनिटांनी घेतला, एकशे दहा.

"पाय बरे आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की रक्त डोक्यापर्यंत पोचायला उशीर होतो. गोळी जास्त होतेय. त्यानंच उजवं पाऊलही घाबरत टाकताय. एवढंच आहे मावशी."

"एवढंच?" अलकाताईंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दशांश मागितला नाही.

डॉक्टरांनी निवासाच्या फिजिशियनना फोन लावला, गोळी पुन्हा निम्मी झाली, आणि पाणी किती प्यायचं व उठताना पलंगाच्या कडेवर किती वेळ बसायचं ते ठरलं. शैलाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.  आता कुठलीही चप्पल काहीही म्हणो, त्यांना पर्वा नव्हती.

मग डॉक्टर मुल्ला शेटेंच्या ऑफिसात गेल्या आणि दार लावून घेतलं. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा शेटेंचा चेहरा बदललेला होता. पेढे तेवढे उरले होते.

"म्हणजे इमारत ठीक आहे?" त्यांनी शैलाबाईंना विचारलं.

"ठणठणीत."

शेटेंनी सुस्कारा सोडला. त्यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं आणि गुरुवारपासून ते वरच्या दोन मजल्यांच्या खाली जीव मुठीत धरून बसत होते. रागवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. नंतर लक्षात आलं, पण तोवर डॉक्टर विश्रांती विभागात शिरल्या होत्या.

तिथं एकतीस जण होते. डॉक्टरांनी एकेकाला बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले, हाताचा आधार देऊन उभं केलं. बारा जणांना खरोखरच तिथली काळजी हवी होती. एकोणीस जण सरावानं उठू शकणार होते. त्यातल्या वाघमोडेबाईंच्या पायात तर काहीच दोष नव्हता. दुखतंय असं त्या बोलल्या होत्या तो गुडघा केव्हाच बरा झाला होता, आणि अहवालातली दिनचर्या पाहता ती चाल त्यांची नव्हतीच. आठ महिने त्या दुसऱ्या कुणाच्या तरी चालीसाठी झोपून होत्या.

"कुणाची होती?" वाघमोडेबाईंनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. वाघमोडेबाईंनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. मग म्हणाल्या, "पडलं नाही ना ते माणूस? मग ठीक आहे." आणि वरची आपली जुनी खोली कुणाला दिली, याची चौकशी करू लागल्या.

चौदा तारखेला शैलाबाईंना कुणी खाली नेलं नाही. सतरा तारीख उजाडली. दहा वाजल्यापासून जेवणघराच्या पायऱ्यांपाशी तीस-पस्तीस माणसं जमली. आबा सूर्यवंशींनी बसायला खुर्ची मागवली. शैलाबाई दुसऱ्या पायरीवर शेंगा खात उभ्या राहिल्या आणि टरफलं ओच्यात गोळा करत राहिल्या. दहा वीस झाले. दहा एकवीस झाले.

"घड्याळ पुढं असेल," आबा म्हणाले. दहा तीसला ते निराश होऊन गेले.

पण पतनांक थांबवला तरी आधी ठरलेल्या घटना रद्द करायचं बटण शेटेंना सापडलं नव्हतं. दहा वीसला नोंद आपोआप झाली. मृणालच्या फोनवर संदेश गेला: "आपल्या मातोश्री पडल्या आहेत. घाबरू नये, हे अपेक्षित होते."

सगळं सुरळीत असल्याचं आईनं रविवारीच कळवलं होतं. तरी फोन केला तर आई उचलेना, कारण फोन खोलीत होता. दुपारी पावणेचारला मृणालची गाडी आत शिरली. आई खोलीत नव्हती, विश्रांती विभागात नव्हती. ती हमरस्त्याच्या फाटकाशी उभी होती.

"कुठं लागलं?" मृणालनं विचारलं. 

"कुठं नाही. तू जेवलीस का?"

मृणालनं आईचा खुबा चाचपून पाहिला, मग दुसरा पाहिला, आणि मग तिथल्या दगडी कट्ट्यावर मटकन बसली. शैलाबाई शेजारी बसल्या.

"डेपोत मला बाकावर बसवून जायचीस," मृणाल म्हणाली. "हलू नकोस म्हणायचीस. मी खरंच हलायची नाही. तहान लागली तरी नाही. मला वाटायचं, मी हलले तर तुझी गाडी परत येणार नाही."

शैलाबाईंना हे माहीत नव्हतं. अडतीस वर्षांची पोर शेजारी बसली होती आणि त्यांना तो हिरवा बाक दिसत होता.

"गाडी यायची ती येते गं," त्या म्हणाल्या. "हलायचं होतंस."

"मला काय माहीत."

"मलाही या वेळी तूच बसवलंस."

मृणाल रडता रडता हसली. मग तिनं फोन काढला आणि पतनांकाच्या सूचना बंद केल्या. खात्री आहे का, असं फोननं तिला चारदा विचारलं. दोघी तासगावची गाडी येईपर्यंत तिथंच बसल्या. गाडी अकरा मिनिटं उशिरा आली, याबद्दल शैलाबाईंनी ड्रायव्हरला हातानं काय ते कळवलं.

अलकाताई महिन्याभरात भिंत सोडून चालू लागल्या. पाऊल अजून जपून पडतं, पण थांबून खोट्या नोटिसा वाचाव्या लागत नाहीत. खालच्या त्या एकोणिसांपैकी बारा जण आतापर्यंत वर आले आहेत. मोडलेल्या खुब्याची चौकशी करणारा संदेश यंत्राकडून दर पंधरवड्याला येतो आणि शैलाबाई त्याला "बरा आहे" असं कळवतात.

जूनमध्ये सुधारित चपला आल्या. या मालकाचं पाऊल ओळखतात आणि दुसऱ्याच्या पायात गेल्या की ओरडतात. शिवाय अधिक काळजी म्हणून मर्यादा सत्तरवरून पंचावन्नवर आणली आहे. शैलाबाईंचा खराखुरा पतनांक बावीस निघाला, अलकाताईंचा सत्तावन्न. डॉक्टर मुल्लांनी त्या वरच राहतील असं लिहून दिलं, पण डॉक्टर आणि चप्पल यांच्यात मतभेद झाल्यास वर अर्ज करावा लागतो. अर्जाचा निर्णय होईपर्यंत आहे ती स्थिती कायम राहते. ज्या कक्षाकडं अर्ज जातो, त्यानं स्थापनेपासून एकही निर्णय दिलेला नाही, ही माहिती शेटेंनी इकडंतिकडं बघत, हळू आवाजात, स्वतःहून दिली. अलकाताईंनी अर्ज लिहिला, शैलाबाईंनी तोंडी भर घातली:

"प्रति, मा. सहायक संचालक, ज्येष्ठ पादगती कक्ष.

विषय: दोन निवासींस एक निवासी धरण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, खोली क्र. ९ मधील श्रीमती अलका उपाध्ये व श्रीमती शैला मगदूम या गेली चार वर्षे एकत्र चालत असून, एक अडखळल्यास दुसरी धरते, असा नित्याचा परिपाठ आहे. सबब त्यांची चाल स्वतंत्रपणे मोजणे तांत्रिकदृष्ट्या सदोष ठरते. तरी दोघींस मिळून एकच व्यक्ती समजण्यात यावे, सदर व्यक्तीस चार पाय असल्याची नोंद घेण्यात यावी, त्या चारही पायांचा मिळून एकच पतनांक (३९.५) ग्राह्य धरण्यात यावा, आणि भविष्यात उक्त व्यक्तीस खाली हलवण्याची वेळ आलीच, तर तिला संपूर्ण हलवावे, अर्धवट हलवू नये, ही विनंती."